पोर्थमाडोग: आधी बांध, मग धक्का, गाडी शेवटी

वेल्सच्या वायव्य किनाऱ्यावरच्या पोर्थमाडोगला मी आत्तापर्यंत पाच खेपा केल्या. पहिल्या दोन खेपांना सगळे करतात तेच मीही केलं. वाफेच्या छोट्या गाडीत बसले, डोंगरात फिरून आले, आईस्क्रीम खाल्लं आणि बर्मिंगहॅमची परतीची गाडी धरली. बंदर खिडकीतून दिसलं, तेवढंच.

तिसऱ्या खेपेला वेंगुर्ल्याहून आलेले भाऊकाका सोबत होते. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, वय त्र्याहत्तर, उभी हयात बंदरखात्यात गेलेली. मुंबईची आगबोट लागायची तेव्हा पडावातून माणसं आणि सामान उतरवून घेणाऱ्यांपैकी ते एक. वाफेच्या गाडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. गावातून चालत आम्ही पुलापाशी आलो, समोर मैलभर लांब दगडी बांध पसरलेला दिसला आणि ते जागीच थबकले.

"बाये, हो तर आमचो खारबांध!" खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून कोकणात घालतात तो बांध.

तेव्हापासून इथे कुणी निघालं की मी एकच सांगते: गाडी शेवटी ठेवा. आधी बांध, मग धक्का, मग संग्रहालय, मग बोर्थ-अ-गेस्टची वाट. गावसुद्धा याच क्रमाने उभं राहिलं. बांधामुळे बंदर झालं, बंदरामुळे रेल्वे आली. गाडीपासून सुरुवात केली तर गोष्ट शेपटीकडून वाचल्यासारखी होते.

पोचताना एक सावधगिरी

बर्मिंगहॅमहून केंब्रियन मार्गाची गाडी घ्या. साधारण साडेचार तास लागतात. मॅखंथलेथ नावाच्या स्टेशनात ही गाडी दुभंगते, अर्धी ॲबरिस्टविथला जाते आणि अर्धी आपल्या बाजूला, पुथेलीकडे. तुमचा डबा कोणत्या अर्ध्यात आहे ते चढतानाच गार्डला विचारा, आणि श्रूजबरीनंतर पुन्हा विचारा. श्रूजबरीहून गाडी उलट दिशेने निघते, त्यामुळे पुढचे डबे मागे जातात आणि तुमचं गणित कोलमडतं.

हे मी अनुभवाने सांगतेय. भाऊकाकांना घेऊन मी चुकीच्या अर्ध्यात बसले होते. पुढचं स्टेशन 'बोर्थ' अशी घोषणा झाली. मला वाटलं, हेच ते बोर्थ-अ-गेस्ट, आलंच की गाव! ते ॲबरिस्टविथच्या फाट्यावरचं भलतंच बोर्थ निघालं. मागे फिरून आम्ही डोव्ही जंक्शनला उतरलो. दलदलीच्या मधोमध एक फलाट, आजूबाजूला लव्हाळी, पाणी आणि बगळे. या मार्गावर गाड्या साधारण दोन तासांनी असतात. काकांनी तिथे बसून दशम्या सोडल्या आणि म्हणाले, "जागा बरी आसा."

योग्य अर्ध्यात असाल तर डावीकडची खिडकी धरा. तिकडून समुद्र जवळजवळ शेवटपर्यंत सोबत असतो. बारमथला खाडीवरचा १८६७ सालचा लाकडी पूल लागतो, पुढे हार्लेकचा किल्ला दिसतो.

गावात रेल्वेची दोन स्टेशनं आहेत. तुम्ही उतरता ते मोठ्या रेल्वेचं, गावाच्या वरच्या टोकाला. तिथून मुख्य रस्त्याने दहाएक मिनिटं सरळ चालत गेलात की बंदर येतं, आणि छोट्या गाड्यांचं 'हार्बर स्टेशन' तिथे आहे.

तिथी बघा

गेल्यावर भरती आहे की ओहोटी, यावर इथला निम्मा दिवस ठरतो. नुसत्या भरतीला गेलात तर बंदर चित्रासारखं दिसतं आणि कळत काहीच नाही. ओहोटीला बऱ्याच बोटी चिखलात कुशीवर टेकतात, धक्क्याच्या भिंतीची खालची, शेवाळलेली बाजू उघडी पडते आणि मधून नदीची एक बारीक धार तेवढी वाहते. दोन्ही बघायचं, तर सहा तास हातात हवेत.

भरतीचं वेळापत्रक फोनवर मिळतं. काकांना ते लागलं नाही. त्यांनी तिथी मोजली, "आज नवमी, भांग आसा," म्हणजे लहान भरतीचा दिवस, असं म्हणाले, आणि त्या दिवशी पाणी खरंच फार चढलं नाही. मोठी भरती बघायची असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, उधाणाच्या दिवसांत जा. चंद्र इथेही तोच आहे. मात्र खाडीतल्या वाळूवर उतरून लांब चालत जाऊ नका. ओहोटीला ती अगदी मैदानासारखी दिसते, पण पाणी परत येतं तेव्हा बाजूच्या ओहोळांतून येतं आणि आधी तुमच्या पाठीमागची वाट बुडवतं.

बांध

बांधाला इथे 'कॉब' म्हणतात. रूळ बांधाच्या माथ्यावर आहेत, मोटाररस्ता आतल्या बाजूला खालून जातो. तुम्ही रुळांच्या कडेच्या पायवाटेने चाला, कारण खालच्या रस्त्यावरून समुद्र दिसतच नाही. वारा प्रचंड असतो. छत्री आणू नका, ती पहिल्या दोन मिनिटांत उलटी होते. टोपीचं, नाडी बांधता येईल असं जाकीट बरं.

अर्ध्यावर जाऊन थांबा आणि दोन्हीकडे बघा. समुद्राच्या बाजूला रेती, ओहोळ आणि मोकळी खाडी. आतल्या बाजूला गोडं पाणी, गवत, गुरं आणि त्यामागे स्नोडनपर्यंतची डोंगररांग. दोनशे वर्षांपूर्वी हे दोन्ही एकच होतं. भरतीचं पाणी पार डोंगरांच्या पायथ्यापर्यंत जायचं. त्या वाळवंटाचं नाव त्राएथ मौर, म्हणजे शब्दशः 'मोठी पुळण'.

विल्यम मॅडॉक्स नावाच्या खासदाराने ही पुळण समुद्राकडून हिसकावून घ्यायची ठरवली. हेतू दोन होते. एक, शेतजमीन मिळवायची. दुसरा, लंडनहून आयर्लंडला जाणारा टपालमार्ग इथून न्यायचा आणि पुढे पोर्थडिनथाएन या खाडीतून बोटी सोडायच्या. १८०८ मध्ये काम सुरू झालं, १८११ मध्ये दोन्ही टोकं जुळली, मोठी जत्रा भरली. १८१२ च्या फेब्रुवारीत वादळात बांध फुटला. आसपासच्या लोकांनी माणसं आणि घोडे पाठवले. जवळच्या ट्रेमाडोगमध्ये राहायला आलेला तरुण कवी शेली वर्गणी गोळा करत फिरला. (पुढच्याच वर्षी, रात्री आपल्यावर कुणी गोळी झाडली असं सांगून तो गाव सोडून गेला. उधारीही बरीच ठेवली होती, असं म्हणतात.) बांध पुन्हा उभा राहिला, टपालमार्ग मात्र होलीहेड बंदराने पटकावला.

आता खरी गंमत. बांधामुळे ग्लास्लिन नदीची जुनी वाट बंद झाली आणि तिला गावाच्या टोकाला, उघाडीतून बाहेर काढावं लागलं. कोकणातल्या वाचकांना उघाडी समजावून सांगायला नको. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरती आली की दार मिटायचं. सगळी नदी त्या एका तोंडातून जोरात बाहेर पडू लागली आणि तिने पुढचा गाळ उपसून खोल डोह केला. त्या डोहात जहाजं उभी राहू शकत होती. मॅडॉक्सने १८२१ मध्ये बंदराचा कायदा मंजूर करून घेतला आणि १८२४ मध्ये बंदर तयार झालं. बंदर बांधायला म्हणून कुणी हा बांध घातला नव्हता. नदीने ते आपणहून खोदलं होतं.

काका उघाडीच्या पुलावर अर्धा तास वाकून उभे होते. आमच्या गावाकडची उघाडी गेली कित्येक वर्षं अर्धी कुजलेली आहे, तिच्यातून खारं पाणी शेतात शिरतं, आणि अर्ज कुठल्या टेबलावर पडून आहेत ते कुणालाच सांगता येत नाही. इथली दारं बघून ते काही बोलले नाहीत. फक्त बिजागऱ्यांचा फोटो काढायला सांगितला.

बांधावरून जायला २००३ पर्यंत पाच पेन्सचा टोल होता. आता तो नाही.

धक्का आणि पाटीचा दगड

धक्क्यावर आज फ्लॅट आहेत, नौकाविहाराच्या बोटी आहेत, बाकं आहेत. तिथे काय चालायचं ते डोळ्यांपुढे आणायला थोडी मदत लागते, म्हणून जमिनीकडे आणि छपरांकडे बघा. जिथे तिथे राखाडी-निळसर दगड दिसेल. आपली शाळेतली पाटी आठवा. तोच दगड, छपरावर घालायच्या मापाचा. इथून तेरा मैलांवर, वर डोंगरात ब्लायनाय फेस्टिन्योगच्या खाणींतून तो काढायचे. छिन्नी लावून ठोकलं की थर सुटतात आणि कौलाएवढ्या पातळ चकत्या निघतात. मापांना नावं सरदारघराण्यांतल्या बायकांची: डचेस २४ इंच बाय १२, काउंटेस २० बाय १०, लेडी १६ बाय ८. बंदरावरचे हमाल दिवसभर डचेस उचलत होते, असं मी म्हटल्यावर काका पहिल्यांदा मोठ्याने हसले.

चकत्या आडव्या रचल्या तर वजनाने फुटतात, म्हणून जहाजाच्या पोटात त्या उभ्या, एकमेकींना टेकवून लावायच्या. एकेक हाताने. १८४२ मध्ये हॅम्बुर्ग शहर आगीत जळालं आणि नव्या छपरांसाठी तिथून मागणी आली. मग जर्मनीचा व्यापार वाढतच गेला. १८७३ साली या एवढ्याशा बंदरातून एक लाख सोळा हजार टनांहून अधिक पाटी बाहेर गेली. धक्क्याची लांबी पावलांनी मोजा आणि मग हा आकडा मनात धरा.

संग्रहालय

धक्क्यावर पाटी साठवायच्या जुन्या शेडपैकी एक उरली आहे, तिच्यात सागरी संग्रहालय आहे. छोटं आहे, स्वयंसेवक चालवतात, आणि सहसा उन्हाळी हंगामातच उघडं असतं. निघण्यापूर्वी वेळ बघून घ्या, दारावर कुलूप बघून परतलेले लोक मला माहीत आहेत. एका तासात बघून होतं, पण घाई करू नका.

आत जहाजांच्या प्रतिकृती, चित्रं, सुतारांची हत्यारं, दिशा शोधायची उपकरणं असा ऐवज आहे. तीन डोलकाठ्यांच्या स्कूनर जातीच्या गलबतांची प्रतिकृती नीट बघा. १८९१ ते १९१३ या काळात इथे बांधलेल्या अशा जहाजांना 'वेस्टर्न ओशन यॉट' हे कौतुकाचं नाव पडलं, इतकी ती देखणी आणि चपळ होती. मोजक्या खलाशांवर ती अटलांटिक ओलांडायची. इथून पाटी घेऊन जर्मनीला, मग स्पेनकडे मीठ भरायला, मीठ घेऊन न्यूफाउंडलंड-लॅब्राडोरला, तिथून खारवलेला कॉड मासा घेऊन भूमध्य समुद्रात. काकांना त्यातलं खारवलेल्या माशाचं लगेच पटलं. खारा बांगडा काय, कॉड काय, मिठाशिवाय समुद्राचा धंदा होत नाही.

मला स्वतःला जास्त भावतो तो मालकीचा प्रकार. ब्रिटिश जहाजाची मालकी चौसष्ट हिश्श्यांत विभागलेली असायची. इथे ते हिस्से शेठजींपुरते राहिले नाहीत. दुकानदार, विधवा, खाणकामगार, धर्मोपदेशक, कुणी एक हिस्सा, कुणी दोन. म्हणजे वादळाची बातमी आली की झोप एकट्या कप्तानाच्या बायकोची उडत नसे, अख्ख्या गल्लीची उडे. शेवटचं जहाज 'गेस्टियाना' १९१३ मध्ये पाण्यात उतरलं आणि पहिल्याच सफरीत गेलं. पुढच्या वर्षी महायुद्ध सुरू झालं, जर्मनीचं गिऱ्हाईक संपलं आणि जहाजबांधणीही.

तिथल्या वयस्क स्वयंसेवकाने काकांना विचारलं, "तुम्ही समुद्रावर होतात?" मी इंग्रजीतून मराठीत आणलं. काका म्हणाले, "धक्क्यावर होतंय." पुढे माझी गरजच उरली नाही. प्रतिकृतीच्या पुढच्या डोलकाठीवरची आडवी शिडं दाखवून तो हातांनी काहीतरी सांगत होता, काका हवेत फत्तेमारीचं तिरकं परवान, म्हणजे शिडाची काठी, काढून दाखवत होते. दोघांचे पंजे सारखेच, बोटं वाकडी. माझा एक तास तिथे दीड तास झाला.

दगडांचं बेट आणि बोर्थ-अ-गेस्ट

बाहेर आलात की धक्क्यावरून पाण्यापलीकडे झाडाझुडपांचं एक बुटकं बेट दिसेल. नाव केइ बॅलस्ट. ते निसर्गाचं नाही. माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या जहाजांनी कलंडू नये म्हणून पोटात दगडगोटे भरलेले असायचे. बंदराची वाट त्यांनी बुजू नये म्हणून ते ओझं या एका जागी टाकायचे, आणि टाकता टाकता बेट झालं. देशोदेशीचे दगड त्यात आहेत. मी 'बॅलस्ट'ला मराठी शब्द शोधत होते, काका सहज म्हणाले, "नीरम." शब्दकोशात न डोकावता मिळालेला हा शब्द मी त्याच दिवशी फोनमध्ये लिहून ठेवला.

इथून बोर्थ-अ-गेस्टची वाट धरा. किनाऱ्याने जेमतेम मैलभर. मध्ये थोडा चढ आणि पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर सावकाश. एका वळणावर अर्धचंद्राकृती छोटी खाडी आणि तिच्याभोवती रंगीत घरांची ओळ एकदम समोर येते. इथेही जहाजं बांधली जायची, कप्तान आणि वाटाडे राहायचे. खाडीच्या तोंडाशी वाटाड्यांची घरं आहेत, येणारं शीड आधी दिसावं म्हणून तिथे बांधलेली. खाडीतल्या रेतीचे पट्टे सतत सरकतात, त्यामुळे वाटाड्याशिवाय आत येणं जिकिरीचं होतं. भरती असेल तर कठड्यावर बसा. ओहोटी असेल तर इथे चिखलच आहे, पण तोही वाईट दिसत नाही.

आता गाडी

पाय दुखू लागले की हार्बर स्टेशनला या. फेस्टिन्योग रेल्वे १८३६ मध्ये सुरू झाली ती पाटी बंदरात आणायला. रूळ दोन फुटांपेक्षाही किंचित अरुंद, आपल्या माथेरानच्या गाडीच्या जवळपास. सुरुवातीला इंजिनच नव्हतं. डोंगरातून समुद्रापर्यंत सलग उतार ठेवला होता, भरलेल्या वाघिणी आपल्याच वजनाने खाली यायच्या, ब्रेक धरणारी माणसं वर बसलेली. रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढायचे. आणि ते घोडे खाली कसे यायचे? त्याच गाडीत, त्यांच्यासाठी जोडलेल्या खास डब्यात, गवत खात.

वाफ १८६३ मध्ये आली, प्रवासी १८६५ मध्ये. दोन्हीकडे तोंड असलेलं फेअर्ली इंजिन जुंपलेली गाडी मिळाली तर सोडू नका, हुबेहूब दुतोंडी मांडूळ. रेल्वे १९४६ मध्ये बंद पडली होती. हौशी लोकांनी १९५५ पासून तुकड्यातुकड्याने ती पुन्हा सुरू केली आणि १९८२ मध्ये ब्लायनायपर्यंत नेली. खाणी, रेल्वे आणि बंदर मिळून हा सगळा पाटीचा मुलूख २०२१ पासून जागतिक वारशात आहे. गाडी सुटते तीच बांधावरून. सकाळी पायी पाहिलेलं सगळं दोन्ही खिडक्यांतून पुन्हा समोरून जातं, आणि या वेळी ते ओळखीचं असतं.

त्याच स्टेशनातून कार्नार्व्हनला जाणारी दुसरी छोटी गाडीही सुटते. ती पुलावर चक्क मोटाररस्त्यातून जाते. बसायचं नसेल तरी ते बघायला थांबा.

बोली आणि पोटपूजा

इथे रस्त्यावर, दुकानात वेल्श ऐकू येते, आणि दिखाव्यासाठी नाही. गावकरी गावाला नुसतं 'पोर्ट' म्हणतात. 'बोरे दा' म्हणजे सुप्रभात, 'दियोल्ख' म्हणजे आभार. हे दोन शब्द वापरले तर चहा जरा लवकर येतो, असा माझा समज आहे. रस्त्यावर ठळक रंगवलेलं 'अरव' म्हणजे सावकाश. लिहिताना ते एका एफने संपतं, आणि वेल्शमध्ये एकटा एफ म्हणजे 'व', दोन एफ म्हणजे 'फ'.

चहाबरोबर 'बारा ब्रिथ' मागा. चहात भिजवलेल्या मनुका घातलेला पाव, वर लोणी. तव्यावर भाजलेले वेल्श केकही चांगले, पण गरम असतील तरच. अंडं चालत नसेल तर विचारून घ्या. काकांनी तळलेला मासा मागवला, वरचं आवरण काट्याने बाजूला सारलं आणि आतला मासा तेवढा खाल्ला. डबीत आणलेली सोलकढीची पूड मी काढली नाही, लाज वाटली. पुढच्या खेपेला काढणार आहे.

जवळच पोर्टमेइरियन हे हौसेने बांधलेलं इटालियन धाटणीचं गाव आहे, सगळे तिकडे जातात. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी जा. एकच दिवस असेल तर त्यातले तीन तास तिकडे घालवू नका.

संध्याकाळची शेवटची गाडी कधी आहे ते सकाळी उतरल्या उतरल्याच फलाटावर बघून ठेवा, ती चुकली तर त्या रात्री घर नाही. परतताना समुद्र उजवीकडे असतो. जागा धरताना डबे मोजत बसायला नको, मॅखंथलेथला या वेळी दोन्ही अर्धे जोडले जातात.